झाकण लावायचं राहिलंय

"दिसत नाही म्हणजे काय! विटेएवढी डिस्क आहे, आणि ह्याला दिसत नाही!"

टेबलाखालून निहारचा आवाज आला आणि पाठोपाठ डोकं आपटल्याचा. वसुधा मोबाइलची बॅटरी धरून शेजारी उभी होती. उजेड हवा तिथे सोडून बाकी सगळीकडे पडत होता.

"आई, इकडे धर ना. मी भिंत नाही बघत आहे."

"अरे, हात अवघडला माझा."

"लॅपटॉप घेऊ म्हणालो होतो. पण नाही, कुंडलिककाका जोडून देणार! आणि जोडून दिलं तर झाकण नाही लावायचं म्हणे. सगळी धूळ आत..." बाकीचं तो वायरींशी पुटपुटला आणि कपाळ चोळत बाहेर आला. "माझ्याच्याने नाही होत. तू त्यांनाच फोन कर."

"आज परत? कालच येऊन गेले बिचारे. बरं दिसतं का ते?"

हे वाक्य वसुधाला आता छान जमायला लागलं होतं. 'बिचारे'वर जरासं थांबायचं, 'बरं दिसतं का'ला मान किंचित वाकडी करायची. प्रत्यक्षात स्वयंपाकघरात चहाचं आधण केव्हाचं चढलेलं होतं, एका माणसाचं पाणी जास्तीचं घालून. आलंही ठेचून तयार होतं.

आणि डिस्क न दिसण्याचं कारण म्हणाल, तर तेही तिला ठाऊक होतं. दुपारी माईंचा, म्हणजे तिच्या सासूबाईंचा, डोळा लागल्यावर तिने उघड्या कॅबिनेटमध्ये हात घालून ती लाल चपटी वायर मागे ओढली होती. उपटली नव्हती. नखभरच सरकवली होती. बघणाऱ्याला जागच्या जागी वाटावी, पण मशीनला लागू नये, इतपत. लग्नपत्रिकेतलं अक्षर केसभर इकडेतिकडे सरकवायची हाताला वर्षानुवर्षांची सवय, ती अशी कामी येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

वसुधा पत्रिका लावायची. देवव्रत, तिचा नवरा, गेला तेव्हा निहार आठवीत होता. तेव्हा इथल्याच, मुलुंडच्या एका छापखान्यात बसून, दुसऱ्यांच्या खांद्यावरून बघत बघत ती हे काम शिकली. मग घरी कॉम्प्युटर घेतला. लग्न, मुंज, बारसं, वास्तुशांत, काहीही असो, भांडुपपासून ठाण्याच्या वेशीपर्यंतचे लोक तिच्याकडे यायचे. तिच्या जुन्या डिस्कवर चाळीस तऱ्हेचे गणपती होते, सनईचौघडे होते, नवरा-नवरीच्या पालख्या होत्या आणि 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी असंख्य बाळं होती.

कुंडलिकराव आले तेही पत्रिकेसाठीच. त्यांच्या मनालीचं लग्न होतं. मागच्या गल्लीतच राहायचे, पण तोवर ओळख नव्हती. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर. त्यांना वर गणपती नको होता, बुद्ध हवे होते, आणि खाली 'मंगल परिणय'. वसुधाकडे बुद्धाचं एकच चित्र होतं, तेही फुटलेलं, कडा करवतीसारख्या. म्हणून तिने ते पुन्हा नव्याने काढलं. कुंडलिकराव बघायला आले, खुर्ची ओढून बसले आणि चित्र निरखत राहिले.

"डोळे जरा आणखी मिटा, ताई," शेवटी म्हणाले. "आत्ता ते आपल्याकडे बघतायत. ते आत बघत असतात."

तिने डोळे केसभर मिटले. ते हसले. तिलाही काहीतरी नीट बसल्यासारखं वाटलं.

आणि नेमका त्याच वेळी जुना कॉम्प्युटर गेला. धूर नाही, आवाज नाही, एकदम काळोख. कुंडलिकरावांनी बाह्या सारल्या, कॅबिनेट उघडलं, हुंगलं आणि डॉक्टरसारखे म्हणाले, "बाकी सगळं गेलं. डिस्क जिवंत आहे." ती पत्रिका त्यांच्या घरच्या मशीनवर पुरी झाली. मनाली लग्न होऊन हैदराबादला गेली. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न तोंडावर आलं, म्हणजे वसुधाचा खरा हंगाम. तेव्हा कुंडलिकरावच म्हणाले, "मी देतो जोडून नवा. मलाही आता घरात काय काम आहे?"

तर अशा रीतीने एका संध्याकाळी वसुधाच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून नवा कॉम्प्युटर जन्माला आला. बोर्डाला हात लावायच्या आधी कुंडलिकराव दर वेळी खिडकीच्या ग्रिलला हात लावायचे, अंगातली वीज उतरावी म्हणून. माईंना वाटलं नमस्कार करतायत. त्या दिवशी माईंनी आपला ठेवणीतला प्रश्नही विचारून घेतला.

"मूळचे कुठले तुम्ही?"

त्या घरात हा प्रश्न गावाचा नसतो, हे वसुधाला ठाऊक होतं. तिने जीभ चावली. कुंडलिकरावांनी स्क्रू फिरवता फिरवताच सांगितलं, "वाशिमकडचा, माई. घरी बुद्धवंदना असते. चहा मात्र सगळीकडचा चालतो."

माई उठून स्वयंपाकघराकडे निघाल्या. मग म्हणाल्या, "आलं चालतं का चहात?"

"पळतं."

विषय तिथे संपला. निदान माईंनी तरी संपवला.

मशीन सुरू झालं. नवी डिस्क, च्युइंगमच्या पट्टीएवढी, लगेच दिसली. जुनी दिसेना. कुंडलिकरावांनी चष्मा चढवून बोर्डाबरोबर आलेली पुस्तिका पालथी घातली, तोवर दोन चहा झाले.

"हे बघा ताई. ही नवी या खाचेत बसली ना, की बोर्ड तिच्या शेजारचा पोर्ट बंद करून टाकतं. एकीला जागा दिली की दुसरीची जाते. या बोर्डाची रीतच आहे तशी."

"मग जुनीचं काय करायचं? टाकायची?"

"टाकायची कशाला?" त्यांनी वायर काढून पलीकडच्या पोर्टात लावली. "जरा बाजूला सरकवायची. मग दोन्ही दिसतात."

आणि दिसल्या. पडद्यावर वर नवी, खाली जुनी. दोघं त्या दोन ओळींकडे बघत बसले. काम झालं होतं, आता आनंद व्हायला हवा होता. कुंडलिकरावांनी कपात डोकावून पाहिलं. कप रिकामा होता.

"झाकण लावू?" तिने विचारलं.

"छे! लगेच नाही." ते इतक्या घाईने म्हणाले की त्यांचं त्यांनाच हसू आलं. "एक्स्चेंजची शिस्त आहे आमच्या. सलग आठवडाभर एकही खोट न निघता चाललं पाहिजे. मध्ये खोट निघाली की आठवडा पुन्हा पहिल्यापासून. आणि एकदा का झाकण लावलं, की काम संपलं. मग त्या रॅककडे फिरकायचं नाही."

झाकणाचे चार स्क्रू एका स्टीलच्या वाटीत घालून वसुधाने ती मिक्सरशेजारी ठेवली. कॅबिनेटवर धूळ नको म्हणून जुनी ओढणी टाकली. कुंडलिकराव 'चालतंय ना' म्हणून रोज संध्याकाळी डोकावून जायला लागले. ते एक्स्चेंजचे किस्से सांगायचे. एकदा एका बाईचा फोन सतत बंद पडायचा, आणि तिचा पोपट वायर कुरतडतोय हे शोधायला अख्खं खातं कसं लागलं होतं, ते. वसुधा पत्रिकांचे किस्से सांगायची. मुलाच्या आजोबांचं नाव गाळलं म्हणून लग्न मोडता मोडता कसं राहिलं, ते. कधी बोलण्यात त्यांची गेलेली बायको, शकु, मध्येच यायची. शकु आलं ठेचायची नाही, किसायची. शकुला लग्नाच्या पत्रिका जपून ठेवायची सवय होती. कधी वसुधाकडून देवव्रत यायचा. कोणी कोणाला हाकलत नव्हतं.

आठवडा संपत आला, तशी वसुधाची नजर मिक्सरशेजारच्या वाटीकडे जायला लागली. भाजी परतताना ती वाटी दिसायची. चार स्क्रू. उद्या ते झाकणाला लागणार, आणि मग हा शिस्तीचा माणूस खरोखरच फिरकणार नाही. ती ओट्यापाशी उभी राहिली, भाजी लागली तरी उभीच राहिली. मग तिने गॅस बंद केला आणि जाऊन आयुष्यातली पहिली वायर ओढली.

त्याआधी तिने हंगामाला लागणारं सगळं काम पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं आणि पेन ड्राइव्ह मेतकुटाच्या बरणीमागे ठेवला. खोडी अंगात होती, पण धंद्याचं डोकं शाबूत होतं.

आठवडा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. खरं तर आठवड्यातून एकदा ओढलं असतं तरी भागलं असतं. पण हाताला चटक लागली. खोट असली की ते नुसते डोकावत नसत, बसत. मग निहार ऑफिसातून आला की त्याला डिस्क दिसायची नाही, तो टेबलाखाली शिरायचा, डोकं आपटायचा, आणि वसुधा 'बरं दिसतं का' म्हणत फोन उचलायची. सून गंधाली पवईला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिला निहारने एकदा मदतीला बोलावलं, तर ती म्हणाली, "माझं सॉफ्टवेअर रे. हे हार्डवेअर. यात मी पडत नाही." मात्र हल्ली घरी येताना ती न सांगता खारीचा पुडा आणायची.

आणि मग ती गंमत झाली.

मावसबहिणीच्या मुलीच्या केळवणाला वसुधा बोरिवलीला गेली आणि एक रात्र राहिली. निघण्याच्या घाईत वायरीला हात लावायचा राहून गेला. दुसऱ्या दिवशी घरी येऊन बघते, तर डिस्क गायब. तिने ओढणी सारली, आत पाहिलं. लाल वायर घट्ट, जागच्या जागी. दाबून पाहिली. टिचकी मारून पाहिली. काही नाही.

"मी तर हिला शिवलेही नाही!" ती स्वतःशीच म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला खराखुरा राग आला. न केलेल्या खोडीचा आळ आल्यासारखा.

कुंडलिकरावांनी एकदा शिकवलं होतं. मशीन सुरू होताना डिलीटचं बटण दाबत राहायचं, दार उघडेपर्यंत बेल वाजवावी तसं. मग बायोसचं पान उघडतं, बोर्डाच्या सगळ्या नाड्या तिथे. वसुधाने बेल वाजवली. पान उघडलं. बोट ठेवून ओळ ओळ वाचत ती खाली आली, आणि एका ओळीवर थांबली. जुनी डिस्क ज्या पोर्टात होती, तो पोर्ट बंद केलेला होता. डिसेबल्ड.

ती खुर्चीत मागे टेकली. निहारची धाव 'बंद करून परत चालू करू'च्या पलीकडे जात नाही. गंधाली यात पडत नाही. माई टीव्हीसुद्धा विचारून लावतात. राहता राहिला कोण?

तिला आठवलं. परवा जाताना ते म्हणाले होते, "ताई, तुम्ही उठू नका. मीच बंद करून घेतो मशीन."

वसुधाला हसू फुटलं. तोंडावर पदर दाबला तरी आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं. जन्मभर ज्या सज्जन माणसाने लोकांचे तुटलेले फोन जोडून दिले, तो तिच्या घरी बसून, तिची खारी खाऊन, जाताना पोर्ट बंद करून जात होता! आणि 'ताई, ताई' करत!

तिने पोर्ट चालू केला नाही. उलट जाता जाता वायरही नखभर ओढून ठेवली. दुहेरी कुलूप.

त्या संध्याकाळी कुंडलिकरावांनी बॅटरी आत मारली, लाल वायर दिसली, आणि त्यांनी ती अंगठ्याने दाबून बसवली.

"सैल झाली असेल," वसुधा म्हणाली.

"होते. समोर मेट्रोचं काम चाललंय ना, हादरे बसतात."

"फक्त याच वायरीला बसतात?"

"नाजूक असते ही." मग ते पडद्याकडे वळले आणि खुर्ची अशी सरकवली की तिला त्यांची पाठच दिसावी. बटणांचा आवाज आला.

"काय केलंत?"

"काही नाही. सेटिंग बघितलं जरा."

"सेटिंग आपोआप बदलतं का हो?"

त्यांच्या मानेवर लाली चढली, पण आवाज एक्स्चेंजच्या चौकशी खिडकीसारखा सपाट होता. "नव्या बोर्डाचं काही सांगता येत नाही, ताई."

"हो ना," वसुधा म्हणाली, "जुन्याचंही नाही येत."

पुढे दोघांचं छान चाललं होतं, म्हणजे कॉम्प्युटरचं अजिबात चाललं नव्हतं. निहारचा मात्र धीर संपला. एका गुरुवारी जेवताना त्याने जाहीर केलं, "रविवारी दुकानातला माणूस येतोय. मशीन घेऊन जाईल, सगळं तपासेल आणि झाकण लावून, सील करून आणून देईल. कुंडलिककाकांना उगाच रोज त्रास. शिवाय..."

"शिवाय काय?" वसुधाने विचारलं.

"काही नाही."

"बोल ना."

"खालचे सिद्धेशचे बाबा विचारत होते. तुमच्याकडे हल्ली रोज पाहुणे असतात, म्हणून." त्याने आमटी वाढून घेतली. आमटी आधीच भरपूर होती.

गंधालीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने आमटी खाली ठेवली. माई ताकभात कालवत होत्या. त्या कालवतच राहिल्या. वसुधाला म्हणावंसं वाटलं, मग तू काय सांगितलंस त्यांना? पण तिने तेही विचारलं नाही. चार माणसं एका टेबलाशी बसून लोणच्याविषयी बोलली.

रात्रभर तिला ते 'सील' टोचत राहिलं. सकाळी तिने कुंडलिकरावांना फोन केला. "रविवारी दुपारी दुकानातला माणूस येणार आहे. मशीन नेणार आहे."

पलीकडून दोनदा नुसतं 'हॅलो? हॅलो?' आलं. आयुष्यभर लाइनी तपासलेल्या माणसाला लाइन चालू आहे की नाही हे कळत नसावं, असं.

"मग मी सकाळीच येतो," ते शेवटी म्हणाले. "त्याच्या हाती चालू मशीन पडलं पाहिजे. बंद मशीन दुसऱ्याच्या हवाली करणं म्हणजे... बरं नाही."

"आणि मग झाकण?"

"मग झाकण," ते म्हणाले.

रविवारी सकाळी निहार अंघोळीला गेला तेव्हा वसुधाने ओढणी सारली आणि लाल वायर दाबून बसवली. पुरती, आवाज येईपर्यंत. संपली खोडी, ती मनाशी म्हणाली, पुष्कळ झाली या वयात. मग हात धुतले, आलं ठेचलं. जरा जोरातच ठेचलं.

कुंडलिकराव आले ते इस्त्रीच्या शर्टात. घरात सगळेच होते. निहार हाताची घडी घालून उभा, गंधाली खारी ताटलीत मांडतेय, माई खिडकीपाशी परात घेऊन मटार सोलतायत. कुंडलिकरावांनी ग्रिलला हात लावला, खुर्ची ओढली आणि या वेळी पाठ न करता, उघड उघड बायोसमध्ये जाऊन पोर्ट चालू केला. वसुधाने मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. त्यांनी मशीन पुन्हा सुरू केलं.

वर नवी डिस्क दिसली. खाली रिकामं.

कुंडलिकरावांनी वसुधाकडे पाहिलं. वसुधाने कुंडलिकरावांकडे. इतक्या दिवसांत दोघांचेही चेहरे पहिल्यांदाच एकदम प्रामाणिक होते.

त्यांनी पुन्हा बंद केलं, पुन्हा चालू केलं. खाली वाकून कॅबिनेटला कान लावला. "ताई, ही फिरतच नाहीये. आवाजच नाही तिचा." त्यांनी बॅटरी आत घातली, आणि पिवळ्या, तांबड्या, काळ्या तारांचा जाड प्लग, डिस्कला वीज देणारा, मागे कोपऱ्यात नीट दडवून ठेवलेला निघाला.

"हे मी नाही केलं!" वसुधा म्हणाली.

"हे माझं नाही!" कुंडलिकराव म्हणाले.

दोघं एकाच वेळी म्हणाले, त्यामुळे ते जास्तच मोठ्याने ऐकू आलं.

निहारची हाताची घडी सुटली. "हे तुझं नाही? मग तुझं कुठलं?"

खोलीत फक्त मटाराच्या शेंगा फुटत होत्या. टप्. टप्.

"तो मी काढला," माई म्हणाल्या.

"आजी!"

"ओरडतोस कशाला? लाल वायर वसू काढते. हे जाताना पडद्यावर काहीतरी बंद करून जातात. मला जाड वायर उरली होती, ती मी काढली. चांगलाच घट्ट असतो हो प्लग. नख दुखावलं माझं."

"माई," वसुधा त्यांच्याकडे वळली, "तुम्ही दुपारी झोपता ना?"

"पडलेली असते. झोपते असं कोण म्हणालं?" माईंनी परात हलवून दाणे सारखे केले. "म्हटलं, तो दुकानातला येणार, दोन मिनिटांत बरं करून जाणार. त्याला तरी सहज सापडू नये."

निहार खुर्चीत बसला. "म्हणजे घरात तीन-तीन माणसं वायरी काढतायत, आणि मी टेबलाखाली डोकं फोडून घेतोय?"

"चार धर," गंधाली म्हणाली. "खारी मी आणत होते."

"तुला माहीत होतं?"

"निहार," ती हळू म्हणाली, "तुलाही होतं. म्हणून तर माणूस बोलावलास."

निहारने कपाळावरच्या टेंगळाला हात लावला.

कुंडलिकरावांचे कान लाल झाले होते. ते उठून ग्रिलपाशी गेले, हात लावला, गरजेपेक्षा जरा जास्त वेळ लावून ठेवला, आणि परत येऊन तो प्लग बसवला. मशीन सुरू झालं. डिस्कची घरघर ऐकू आली, म्हाताऱ्या मांजराच्या घशातून यावी तशी.

"दिसते का रे जुनी?" माईंनी विचारलं.

"दिसते, माई," कुंडलिकराव म्हणाले. "दोन्ही दिसतायत."

माईंनी एकदा भिंतीवरच्या देवव्रतच्या फोटोकडे पाहिलं, आपल्या मुलाकडे. मग पुढची शेंग उचलली. "मग झालं तर."

कुंडलिकरावांनी ओढणीची नीट घडी घातली. स्वतःच स्वयंपाकघरात जाऊन मिक्सरशेजारची वाटी घेऊन आले. त्यांना ती कुठे असते ते ठाऊक होतं. झाकण उचललं, खाचेत सरकवलं. पहिला स्क्रू लागला. दुसरा लागला. निहार खारी मोडत होता, गंधाली ताटली सारखी करत होती, आणि ज्यांनी बोलायचं ते दोघं तर एकमेकांकडे बघतही नव्हते. तिसरा स्क्रू लागला. वाटीत एकच उरला, आणि वसुधाला वाटलं, हा लागला की वाटी विसळून फडताळात जाईल आणि आपण उद्या संध्याकाळी चहाला पाणी बेताचं ठेवू.

निहारचा फोन वाजला. हात तेलकट होते खारीने, म्हणून त्याने टेबलावरच स्पीकर लावला.

"सर, मी निघतोय, तासाभरात पोचतो. मशीन रेडी ठेवा."

निहारने आईकडे पाहिलं. मग कुंडलिकरावांच्या हातातल्या शेवटच्या स्क्रूकडे. घसा खाकरला. "नका येऊ. सापडलं आम्हाला."

"अरे वा. काय फॉल्ट होता, सर?"

गंधालीने खारी पुढे केली, कोणी घेतली नाही. माईंचे हात थांबले. फोनमधून पुन्हा आवाज आला, "हॅलो, सर? फॉल्ट काय निघाला? म्हणजे मला पण कळेल."

वसुधा टेबलापाशी गेली आणि फोनवर जराशी वाकली. पण बघत होती ती स्क्रू हातात घेऊन उभ्या राहिलेल्या कुंडलिकरावांकडे.

"फॉल्ट काही नव्हता हो," ती म्हणाली. "मला हे आवडतात. म्हणून मी वायर काढत होते."